ओळखीचे भांडवल

इंदूर शहराच्या पूर्व अंगाला खजराना नावाची वस्ती आहे. एकेकाळी हे वेगळे खेडे होते. शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले आणि त्याला पोटात घेऊन पुढे गेले. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले गणपतीचे देऊळ येथे आहे, आणि त्याच खजरान्यात नाहरशाह वली यांचा दर्गाही आहे. बुधवारी देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नारळ, दूर्वा आणि लाडू यांची गर्दी असते. त्या रस्त्याच्या मागे, गल्ल्यांतून, मुसलमान कुटुंबांची दाट वस्ती आहे. शिवणयंत्रावर बसणारा, मोटारी दुरुस्त करणारा, लाकूडकाम करणारा, फळांची गाडी लावणारा, लहानसे दुकान थाटून बसलेला असा हा सारा कष्टकरी धंदेवाईक समाज आहे.

या गल्ल्यांतल्या एका शिंप्याची कल्पना करा. हातात कसब आहे. घरात चार यंत्रे आहेत, दोन भाऊ आणि एक भाचा कामाला आहेत. रोज शंभर सदरे शिवून देण्याची ताकद आहे. तरीही तो वर्षानुवर्षे एकाच ठेकेदाराकडून कापलेले कापड आणतो, सदऱ्यामागे ठरलेली शिलाई घेतो आणि माल परत करतो. तो सदरा पुढे कोणत्या गावी जातो, कोण विकतो, कितीला विकतो, हे त्याला ठाऊक नसते. त्याला पैशाची वाण आहेच, परंतु त्याहून मोठी वाण आहे ती माणसांची. आज मी त्या वाणीविषयी बोलणार आहे.

हल्ली याला ‘नेटवर्किंग’ असा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. मोठ्या हॉटेलात सभा भरते, लोक एकमेकांना नावाची पत्रे देतात, चहा होतो, आणि जो तो आपल्याच ओळखीच्या माणसाशेजारी बसून घरी जातो. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपल्या बाजारात तिला ‘पत’ म्हणतात. एखाद्या गृहस्थाची बाजारात पत आहे म्हणजे काय, तर त्याला पैसे न देता माल मिळतो. पत ही तिजोरीत ठेवता येत नाही. ती दुसऱ्यांच्या मनात राहते. म्हणून ज्याला ओळखणारी माणसे थोडी, त्याची पतही थोडी.

हे कसे चालते ते जरा तपशिलाने पाहू, कारण सारे मर्म येथेच आहे. समजा, आपल्या शिंप्याने ठेकेदाराला सोडून स्वतःचा माल काढायचे ठरविले. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात तो कापड घ्यायला गेला. ठोक व्यापारी त्याला विचारतो, ‘कोणाच्या ओळखीने आलात?’ ओळख असेल तर कापड दोन महिन्यांच्या उधारीवर मिळते; नसेल तर रोख मोजावे लागते. पुढे तयार माल तो परगावच्या दुकानदाराला देतो. तो दुकानदारही उधारीच मागतो. म्हणजे कापड रोखीने आणि सदरे उधारीने! मधल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे शिंप्याने कोठून आणावयाचे? ज्याची ओळख आहे त्याच्यासाठी हे पैसे कापडवाला पुरवितो. ज्याची नाही त्याला सावकाराकडे जावे लागते, आणि त्याचा नफा तेथेच संपतो. एका ओळखीची किंमत अशी रुपया-आण्यात मोजता येते.

ही गोष्ट काही समाजांनी फार पूर्वी ओळखली. त्यांत दाऊदी बोहरा समाजाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. ‘बोहरा’ हा शब्दच व्यापार करणे या अर्थाच्या गुजराती क्रियापदापासून आला, असे मानले जाते. इंदुरात बोहरा बाखळ नावाची जुनी वस्ती आहे, सैफी नगर आहे, आणि सियागंजच्या ठोक बाजारात या मंडळींची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. या समाजात ‘करजन हसना’ म्हणून एक व्यवस्था आहे. ज्याच्याजवळ जादा पैसा आहे तो समाजाच्या निधीत काही काळ ठेवतो. ज्याला धंद्यासाठी हवा आहे तो तेथून बिनव्याजी घेतो व हप्त्यांनी फेडतो. इस्लामला व्याज वर्ज्य आहे, त्यामुळे बँकेच्या दाराशी अडखळणाऱ्या धार्मिक माणसाला ही वाट मोकळी वाटते. परंतु पैशापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, कर्ज देताना जामीन लागतात आणि जामीन हे ओळखीचेच असतात. कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, दुकान कसे चालते, हे सारे देणाऱ्याला ठाऊक असते. बँकेला जे कागद गोळा करायला महिना लागतो ते येथे मशिदीच्या आवारात दोन वाक्यांत कळते.

२०१८ च्या सप्टेंबरात या समाजाचे धर्मगुरू सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांची मोहरमची प्रवचने इंदुरात झाली. सैफी नगरच्या मशिदीत १४ सप्टेंबरला पंतप्रधानही उपस्थित होते. देशोदेशींचे बोहरा कुटुंबकबिल्यासह शहरात आले. ही यात्रा धर्मासाठी होती, यात शंका नाही. तथापि पूर्व आफ्रिकेतला लोखंडी सामानाचा व्यापारी आणि सियागंजचा दुकानदार दहा दिवस एका पंगतीत, एका थाळाभोवती बसून जेवतात, तेव्हा दोघांनी धंद्याची गोष्ट काढलीच नसेल असे मला तरी वाटत नाही. सगळ्याच धर्मांच्या यात्रांचे हे एक न बोलले जाणारे फळ आहे. मुंबईहून जेद्याला बोटीने हजला जाण्याचा प्रवास १९९५ पर्यंत चालू होता. अशा प्रवासात एकाच डेकवर दिवसेंदिवस काढलेल्या माणसांची ओळख साधी राहत नाही. मुंबईतील हाजी साबू सिद्दिक यांचा मुसाफिरखाना हजच्या यात्रेकरूंसाठी होता. गावोगावचे लोक तेथे एका छपराखाली उतरत.

मेमन समाजाच्या जमाती अशाच. कच्छ-काठेवाडातून मुंबईला आलेल्या या व्यापाऱ्यांनी आपापल्या गावांच्या नावांनी जमाती बांधल्या, आणि त्यांतून शिक्षण, दवाखाना, विधवांना साहाय्य अशी कामे चालविली. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आदींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तेथे शिक्षणाची सोय झाली आणि वेगवेगळ्या जमातींची मुले एका बाकावर आली. १९३९ साली बॉम्बे मर्कंटाईल सहकारी बँक निघाली. जमातीची चोपडी आता सहकारी कायद्याखाली आली आणि तिला बाहेरच्यांसाठीही दार झाले.

हे सांगताना मला माझ्या वसईची आठवण होणे स्वाभाविक आहे. आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक शेती-वाडी करणारे, केळी-भाजी मुंबईस पाठविणारे. सावकारीने गांजलेल्या या लोकांसाठी मॉन्सिन्योर मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ साली एक पतसंस्था काढली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. चर्चच्या आवारात जन्मलेल्या या बँकेत आज सर्व धर्मांचे ठेवीदार आहेत. नाव मात्र जुनेच राहिले. खजरान्याच्या शिंप्याविषयी बोलण्याचा मला काही अधिकार असेल तर तो एवढाच, की लहान समाजाने आपसांत हात धरून उभे राहणे म्हणजे काय, हे मी घरी पाहिले आहे. आणि त्याची एक उणी बाजूही पाहिली आहे. प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर भेटणाऱ्या एका गोडबोल्या गृहस्थाच्या हाती माझ्या एका काकांनी आयुष्यभराची शिल्लक दिली. ‘आपलाच माणूस’ एवढाच त्यांनी कागद पाहिला. पैसे परत आले नाहीत.

ही उणी बाजू मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर बंगळुराकडे पाहावे. तेथील आय मॉनेटरी अॅडव्हायजरी या पेढीने, व्याज नव्हे तर धर्माला मान्य असा नफा देऊ, असे सांगून हजारो मुसलमान कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या, आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. ठेवीदारांत निवृत्त माणसे होती, मुलीच्या लग्नासाठी दागिने मोडून पैसे ठेवणाऱ्या बाया होत्या. जेथे सारे एकमेकांना ओळखतात तेथे भल्याची पारख लवकर होते; पण ठकाचा शब्दही तितक्याच लवकर पसरतो, कारण बाहेरचा कोणी प्रश्न विचारायला नसतो.

आपसांतल्या ओळखीची दुसरीही एक मर्यादा आहे, आणि ती फसवणुकीपेक्षा अधिक खोल आहे. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नवी नोकरी मिळविलेल्या माणसांना त्याने विचारले, ‘ज्याने ही बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता?’ उत्तर अनपेक्षित आले. वारंवार भेटणाऱ्या जिवलगाकडून काम मिळालेले सहांत एक. निम्म्याहून अधिक लोकांना ते कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाले होते. कारण विचार केला की लक्षात येते. माझा भाऊ, माझा मेहुणा, माझा शेजारी यांना जे ठाऊक आहे ते बहुधा मलाही ठाऊक असते. आम्ही एकाच विहिरीचे पाणी पितो. नवी वार्ता येते ती दुसऱ्या विहिरीवर जाणाऱ्याकडून. म्हणून संकटात भाऊबंद उपयोगी पडतात, आणि बरकतीला परका उपयोगी पडतो.

याचे एक नामांकित उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याचा धागा माळव्यापर्यंत येतो. सर जमशेटजी जीजीभॉय यांना कोण ओळखत नाही? लहानपणी पोरका झालेला हा पारशी मुलगा पुढे मुंबईतील सर्वांत धनिक व्यापाऱ्यांपैकी एक झाला. १८०५ साली ते ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉट डॉक्टर होता. कैदेतली ही ओळख पुढे चीनच्या व्यापारातली फार मोठी भागीदारी ठरली. १८१८ साली जमशेटजींनी आपली पेढी उभारली तेव्हा त्यांचे सहकारी कोण होते, ते पाहा. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. आणि पुढे त्यांना रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे कॅथॉलिक येऊन मिळाले.

चौघे चार धर्मांचे होते, हा केवळ सौजन्याचा योगायोग नव्हता. मोतीचंदांचे माळव्यातल्या अफू पिकविणाऱ्या भागाशी जुने संबंध होते. रोगे यांना जहाजांची आणि दर्यावर्दी लोकांची माहिती होती. फारिया यांचे पोर्तुगीज अंमलदारांशी सूत होते, आणि कंपनी सरकारने माळव्याच्या अफूला आडकाठी केली तेव्हा ती पोर्तुगीजांच्या दमण बंदरातूनच बाहेर जात असे. जमशेटजींच्या हाती कँटनची ओळख होती. प्रत्येकाने आपल्या समाजाची विहीर आणली. एकाच समाजाचे चौघे भाऊ एकत्र आले असते तर त्यांना हे साधले नसते. रोगे हे मुंबईच्या मुसलमानांतले मोठे शेठ झाले ते आपल्याच जमातीत बसून नव्हे, तर बाहेरच्यांबरोबर भागीदारी करून.

माल कोणता होता, हे मात्र झाकू नये. तो चिनी माणसाला व्यसनी करणारा विषारी माल होता, आणि त्याच्या पायी १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झाले. माझ्या धर्माचा एक गृहस्थ त्यात होता याचा मला अभिमान वाटत नाही. धंदा नासका होता. माणसे जोडण्याची रीत पक्की होती. आपण रीत घेऊ.

आता पुन्हा इंदूरकडे येऊ. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली आणि गाव पेठांचे झाले. मराठी कारकून, मारवाडी सराफ, बोहरा दुकानदार, मुसलमान कारागीर यांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते. महेश्वरच्या लुगड्यांचेच उदाहरण घ्या. अहिल्याबाईंनी तेथे विणकर वसविले. आज मागावर बसणाऱ्यांत मुसलमान विणकर पुष्कळ आहेत, आणि लुगडे नेसणारी बहुतेक हिंदू बाई असते. धाराजवळच्या बाग गावची छापाची कापडे मुसलमान खत्री घराण्यांनी देशात नावारूपाला आणली. ती खरेदी करणारा गिऱ्हाईक दिल्ली-मुंबईचा आणि परदेशचाही आहे. त्यांच्याजवळ हस्तकौशल्य होतेच. प्रदर्शने, शासकीय पुरस्कार आणि भौगोलिक निर्देशांक यांतून त्यांना दूरची माणसे भेटली.

परंतु शहरातल्या साध्या शिंप्याला ही दूरची माणसे कोठे भेटावीत? न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली जो अहवाल दिला त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी ६१ टक्के स्वतःचा धंदा करणारे. हिंदूंत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के. आणि बँकांच्या कर्जात मात्र मुसलमानांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने अपुरा. म्हणजे ज्या समाजाला नोकरीहून धंद्याचाच आधार अधिक, त्याच समाजाला धंद्याचे भांडवल दुर्मीळ. तो अहवाल जुना झाला, पण त्याने दाखविलेली गाठ सुटली असे म्हणवत नाही.

उलट ती कोठे कोठे आवळली जात आहे. २०२५ च्या सप्टेंबरात इंदूरच्या शीतलामाता बाजारात, कपड्यांच्या दुकानांतून मुसलमान कर्मचाऱ्यांना काढून टाकावे असे दडपण व्यापाऱ्यांवर आणले गेले, आणि अनेकांची वर्षानुवर्षांची नोकरी गेली, असे वृत्तपत्रांतून आले. या घटनेकडे लोक धर्माच्या किंवा राजकारणाच्या नजरेने पाहतात. मी आज बाजाराच्या नजरेने पाहतो. दुकानात लुगडी उलगडून दाखविणारा विक्रेता हा कोण असतो? तो खजराना आणि शीतलामाता बाजार यांच्यामधला पूल असतो. कोणत्या ठोक व्यापाऱ्याकडे कोणता माल आला, कोणता दुकानदार वेळेवर पैसे देतो, लग्नसराईत कोणता रंग चालतो, हे तो रात्री घरी घेऊन जातो. उद्या त्याचा धाकटा भाऊ याच माहितीवर स्वतःचे दुकान काढतो. असा एक माणूस कामावरून गेला म्हणजे एक पगार जातो. शंभर गेले म्हणजे त्या वस्तीची बाजाराकडे उघडणारी खिडकी बंद होते. नुकसान दुकानदाराचेही होते, कारण त्याच्याकडे असलेले गिऱ्हाईक आणि कारागीर दोन्ही त्या विक्रेत्याला ओळखत होते. जे दुकानदार या दडपणाने मनातून खिन्न झाले असतील त्यांच्या हाती एक गोष्ट अजून आहे: माणूस दुकानात ठेवणे जमले नाही तरी त्याला माल उधारीवर देणे कोणी थांबविलेले नाही.

खजरान्याच्या शिंप्याला कोणत्या दारांवर टकटक करता येईल? जमातीचा बिनव्याजी निधी असेल तर पहिल्या चार यंत्रांसाठी तो उत्तम. मात्र तेथेच थांबू नये. शहरात धंद्याच्या संघटना आहेत; अहिल्या चेंबर ऑफ कॉमर्स ही अनेक बाजारांच्या संघटनांना एकत्र आणणारी संस्था आहे, उद्योगवाल्यांची असोसिएशन ऑफ इंडस्ट्रीज आहे. अशा ठिकाणी वर्गणी भरून मागच्या खुर्चीवर बसणारा माणूससुद्धा वर्षभरात वीस परक्यांना नावाने ओळखू लागतो. त्या सभांत कंटाळा पुष्कळ असतो, हे मी अनुभवाने सांगतो. शिक्षकांच्या सभाही अशाच असतात. पण काम सभेत होत नाही, सभा सुटल्यावर दारात होते. आणि या संघटनांच्या चालकांनीही एक पाहावे: निमंत्रण ज्या पेठांत जाते त्या पेठांच्या यादीत खजराना आहे काय?

स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट. घरात बसून काज-बटण करणारी, जरीकाम करणारी बाई साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला असते. तिला ठेकेदारही दिसत नाही. त्याचा पोऱ्या दिसतो. तिच्यासाठी सभा आणि हॉटेल यांचा काही उपयोग नाही. १९७२ साली इला भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ संघटना काढली आणि १९७४ साली तिची बँक काढली, ती अशाच बायकांची. हिंदू आणि मुसलमान मजूर बायका तेथे एका रांगेत उभ्या राहून खाती उघडू लागल्या. दहा बायकांचा बचत गट झाला की ठेकेदाराच्या पोऱ्याशी दर एकटीने ठरवावा लागत नाही. या दहांत एक दुसऱ्या गल्लीची, दुसऱ्या धर्माची असली तर फार बरे.

शेवटी कागदाची गोष्ट, कारण परक्या माणसाशी व्यवहार करताना ओळखीची जागा कागद घेतो. २०२० च्या जुलैपासून लहान उद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी सुरू आहे. ती फुकट आहे. दलालाला त्यासाठी पैसे देऊ नयेत. ज्यांच्याजवळ जीएसटीचे कागद नाहीत अशा अगदी लहान धंद्यांसाठी २०२३ पासून बँकांमार्फत वेगळी सोय केली आहे. नोंदलेल्या लहान उत्पादकाचा माल घेऊन पैसे अडकवून ठेवणाऱ्याला २००६ चा कायदा आडवा येतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; करार नसेल तर १५ दिवसांच्या आत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. व्याज घ्यायचे नसेल तर शिंप्याने ते सोडून द्यावे, मुद्दल मात्र हक्काने मागावे. फक्त दुकानदारी करणाऱ्याला, म्हणजे माल घेऊन विकणाऱ्याला, हे संरक्षण मिळत नाही. शिवून देणाऱ्याला मिळते. एवढ्यासाठी प्रत्येक खेपेबरोबर तारीख, नग आणि दर लिहिलेली पावती करावी, तिच्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी आणि एक प्रत घरी ठेवावी. ठेकेदार भाऊबंद असला तरी घ्यावी.